मालनचा चार्ज

तुंगार्ली, लोणावळा
९ जानेवारी २०२५

महिपती भाऊ,

जय भीम. चार्ज घेतला. प्रकरण पंधरा मिळालं, पानं मोजली, सगळी आहेत. आता भांडण.

भाऊ, आपण भयकादंबरी लिहितोय. वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. पहिल्या भागात तुमची मालन झाकोळीच्या जुन्या जकात नाक्यावर कंदील घेऊन बसायची, येणाऱ्याच्या वहाणा आत तोंड करून लावायची, आणि ज्याच्या वहाणा तिनं लावल्या तो तिसऱ्या दिवशी 'आत' जायचा. वाचकांनी कळवलं, की आम्ही चपला उशाला घेऊन झोपतो. मी ज्या बंगल्यांची देखभाल करते, त्यातल्या एकात मागच्या शनिवारी मुंबईची मंडळी उतरली होती. त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, झाकोळीला जायला कामशेतवरून वळायचं की मळवलीवरून? मी म्हटलं, बाई, झाकोळी हे आम्ही दोघांनी आंबीच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत वसवलेलं गाव आहे, तिकडे रस्ता जात नाही. त्यांना वाटलं, मी काहीतरी लपवतेय.

आणि आता दुसऱ्या भागात ही मालन करते काय? देवळातली घंटा चोरायला आलेल्या गेणूच्या अंगावर गोधडी घालते! वर म्हणते, "भाकरी निवाया लागलीय, आदी खाऊन घे." तो चोर घाबरायचं सोडून दोनदा वाढून घेतो. हे भूत आहे की खानावळवाली मावशी? आपला प्रकाशक गौरव परवा म्हणाला, "ताई, मला मालन आवडायला लागलीय." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं. एकतीस मार्चला त्याला पूर्ण हस्तलिखित हवंय.

नियम तुम्हीच घातलेत, तरी आठवण करून देते, कारण तुम्ही ते विसरायला लागलात. एक प्रकरण तुमचं, एक माझं. कादंबरीबद्दल फोनवर अवाक्षर नाही, कारण फोनवर आपण नुसते भांडतो आणि लिहून काहीच होत नाही. बेडसे ते तुंगार्ली वीस-बावीस किलोमीटरला पोस्ट चार दिवस लावतं, तेवढ्यात डोकंही थंड होतं. प्रकरणासोबत चार्जचा कागद, तुम्ही कारखान्याच्या गेटवर वॉचमन असताना ठेवायचात त्या रजिस्टरसारखा: आत कोण, बाहेर कोण, गेटवर कोण. 'आत' म्हणजे मेला, 'बाहेर' म्हणजे जिवंत, आणि 'गेटवर' म्हणजे सांगता येत नाही. एकानं आत पाठवलेला दुसऱ्यानं बाहेर आणायचा नाही. आणि समोरच्यानं 'चार्ज घेतला' असं लिहीपर्यंत प्रकरण पक्कं नाही.

सोळावं सोबत आहे. अठराव्यात मी मालनला मोकळी करणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. भूत माणसाळलं की त्याला निरोप द्यावा.

आत: नाक्याचा कारकून भिमाजी.
बाहेर: गेणू चोर, चंपा मास्तरीण.
गेटवर: मालन.

चार्ज दिला.
अनिता

*

बेडसे
१७ जानेवारी २०२५, सकाळी ७.४०

अनिता, रामराम.

चार्ज घेतला. सोळावं चांगलं आहे. भिमाजीला तू जरा घाईनं आत पाठवलास, पण माणूस तसाही कामचुकार होता.

आता मालनबद्दल. तुला एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. वहाणा लावायची सवय मी मनानं रचलेली नाही. ती आमच्या मंडळींची आहे. दारात कुणाच्या चपला वाकड्या दिसल्या की तिला चैन पडत नाही. फक्त ती त्या बाहेर तोंड करून लावते, म्हणजे जाणाऱ्याला पाय घालायला सोपं. मी तेवढं उलटं केलं आणि अख्खा महाराष्ट्र घाबरला.

पहिला भाग छापून आल्यावर मी तिला वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर म्हणाली, "ही तर मीच हाय की." मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ती खूश झाली. म्हणाली, "मेल्यावर बी काम चुकलं न्हाई म्हना." तेव्हापासून मालन तिची. मी लिहिलेलं प्रत्येक प्रकरण आधी तिच्यापुढे पास व्हावं लागतं. गेणूच्या वेळी तिनं मला अडवलंच. "मानूस उपाशी हाय, तर मालन आदी खायाला घालंल का मान मुरगाळंल? मी आसं न्हाई करायची." आता सांग, तुझं ऐकू की हिचं? जेवायला मला इथंच असतं.

दुसरं, तू मालनला मोकळी करतेस, पण गेटचा पहिला कायदा तुला ठाऊक आहे. पाळी बदलायला रिलीव्हर आल्याशिवाय गेट सोडायचं नाही. एकदा माझा रिलीव्हर धोंडिबा आलाच नाही, तर मी सलग तीन पाळ्या उभा होतो. लघवीलासुद्धा शिपायाला उभं करून गेलो. मालनचा रिलीव्हर कोण? तो नाव-गावासकट दाखव, मग बोल.

सतरावं सोबत. थोडं लहान झालंय. हल्ली भाकऱ्या मीच थापतो, मंडळींना उभं राहिलं की दम लागतो. थंडी आहे. भाकऱ्यांचा आकार तालुक्याच्या नकाशासारखा येतो, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय.

चार्ज दिला.
महिपती

*

तुंगार्ली
२७ जानेवारी २०२५

महिपती भाऊ, जय भीम.

चार्ज घेतला. आणि हसून हसून पुरेवाट झाली. म्हणजे मी इतकी वर्षं वहिनींना घाबरत होते! कारखान्यात अकरा वर्षं त्यांच्या हातचा ठेचा खाल्ला आणि इकडे त्यांच्याच भीतीनं चपला घरात घेतल्या.

पण भाऊ, खरं बोलू? तुम्ही बायकोला खूश करताय आणि कादंबरी आजारी पडतेय. मी क्वालिटीत होते, सुताएवढी चूक असली तरी तुकडा बाजूला काढायचे, मग तो साहेबांच्या मशीनवरचा का असेना. तुम्हीच गेटवरून म्हणायचात, "या बाईच्या टेबलावरून देव बी पास होणार नाही." मग आता राग मानू नका.

अठरावं सोबत आहे. मालन सुटली. रिलीव्हरचं उत्तर सोपं आहे: सरकारनं जकात बंद केली, नाका पाडला. गेटच नाही तर रिलीव्हर कशाला? चंपा मास्तरीण तिला तो कागद वाचून दाखवते. मालन ऐकते, कंदील जमिनीवर ठेवते आणि मागे न बघता चालायला लागते. लिहिताना मलाच भरून आलं. माझ्या आजवरच्या लिखाणात हे सगळ्यात चांगलं आहे, असं मीच म्हणते, कारण तुम्ही म्हणणार नाही.

वहिनींना सांगा, मालन गेली म्हणजे त्या गेल्या असं नाही. आणि ठेचा पाठवा.

आत: मालन, भिमाजी.
बाहेर: गेणू, चंपा.
गेटवर: कुणी नाही.

चार्ज दिला.
अनिता

*

बेडसे
१० फेब्रुवारी २०२५, दुपारी ३.१०

अनिता, रामराम.

अठरावं मिळालं. मध्यंतरी चष्मा मोडला होता. नंतर पानांवर चहा सांडला. नंतर सत्यम म्हणाला, बाबा, शेतातला पाइप फुटलाय. अशी बरीच कारणं आहेत, आणि तू एकही खरं मानणार नाहीस, कारण गेटवर लोक अशी कारणं सांगायचे तेव्हा मीही मानत नव्हतो.

तर सरळ लिहितो. अठराव्याचा चार्ज मी घेत नाही. प्रकरण वाईट आहे म्हणून नाही. फार चांगलं आहे, आणि तेच अडचणीचं आहे. मालन गेटवरून हलता कामा नये. निदान पुढचा महिनाभर तरी. का, ते विचारू नकोस. मला शपथ आहे. हट्टी म्हण, बाईलवेडा म्हण, म्हातारचळ म्हण. गौरवला सांग, मालन हललेली नाही.

मंडळींना अठरावं वाचून दाखवलं नाही. लपवून ठेवलंय.

एकोणिसाव्याचा कागद जोडतोय, त्यावरून तुला पुढचा अंदाज येईल.

महिपती

(सोबतचा कागद)

आत: मुक्ता. शुक्रवारी, सकाळी नऊ.
बाहेर: मी.
गेटवर: पोरगा. सही त्याची.
अंगावरचे दागिने आदल्या दिवशी काढून घेणे. मंगळसूत्रसुद्धा.
रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही.
रक्त दोन बाटल्या, बी पॉझिटिव्ह.
छाती उघडणार. काळीज तासभर बंद ठेवणार, मग परत चालू करणार.
साहेब म्हणतात, भिण्यासारखं काही नाही.

*

तुंगार्ली
१५ फेब्रुवारी २०२५

महिपती भाऊ!

जय भीम, जय भीम, आणि तुमच्या पाया पडते. मी तुम्हाला काय काय बोलले! कादंबरी आजारी पडली, भूत माणसाळलं, सगळे शब्द मागे.

हा कागद आहे की काय आहे! पहिल्या भागातसुद्धा तुम्ही असं लिहिलं नव्हतं. 'मंगळसूत्रसुद्धा.' 'पाण्याचा थेंब नाही.' आणि तो साहेब, जो शांतपणे म्हणतो भिण्यासारखं काही नाही! तासभर बंद ठेवलेलं काळीज, अहो, हे सुचलं कसं तुम्हाला? बी पॉझिटिव्ह वाचून तर माझंच रक्त गोठलं, कारण माझाही गट तोच. नवऱ्याला, निलेशला, वाचून दाखवलं, तर त्याच्या हातातला चहा हातातच राहिला. गौरवला कळवलं, तो म्हणतो, ताई, आता पुस्तक झालं.

ही मुक्ता कोण, ते तुम्ही लिहिलं नाही. नवीन पात्र दिसतंय. मला राहवलं नाही. तुमची पाळी असूनसुद्धा त्या कागदावरून एकोणिसावं मीच लिहून काढलं, माफ करा. फक्त शेवट बदललाय. तुम्ही म्हणता, काळीज परत चालू करणार. तिथं भीती संपते. माझ्या प्रकरणात साहेब घड्याळाकडे बघतो, तास होतो, वर दहा मिनिटं होतात, आणि मुक्ताचं काळीज परत चालू होत नाही. बाहेर नवरा बसलेला असतो, त्याला कुणी सांगतच नाही. बस, एवढंच. यावर तुम्ही नक्की सही कराल.

चार्ज दिला.
अनिता

*

बेडसे
२० फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.००

अनिता,

चार्ज घेतला नाही. घेणार नाही.

मुक्ता हे पात्र नाही. मुक्ता म्हणजे आमची मंडळी. तिला सगळा गाव सत्यमची आई म्हणतो, मी मंडळी म्हणतो, तू वहिनी म्हणतेस. तिचं नाव मुक्ताबाई आहे.

तिच्या काळजाची एक झडप खराब झालीय. नोव्हेंबरात पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावी लागेल, छाती उघडून. साहेब म्हणजे ते. तिनं मला शपथ घातली, की अनिताला कळवायचं नाही, ती पोरगी पुस्तक बाजूला ठेवेल आणि पळत येईल. आणि दुसरं, डोक्यात घेऊन बसली, की पुस्तकातली मालन जोवर गेटवर आहे तोवर मला काही होत नाही. "मालन हलली तर मी बी हलले," असं म्हणाली. मी हसलो. पण तिची तयारी झाली होती ती एवढ्या एका गोष्टीवर, म्हणून तुझं अठरावं लपवलं.

चूक माझी आहे. मी घरातल्या कामाचे कागदही रजिस्टरसारखेच करतो, जन्माची सवय. दवाखान्याचा कागद आणि एकोणिसाव्याचा कागद एकाच वहीतले. बावीस वर्षांत एकदाही एका गाडीची चिठ्ठी दुसऱ्या गाडीला दिली नव्हती. ती आता दिली.

काल मी कामशेतला गोळ्या आणायला गेलो होतो. पोस्टमननं तुझं पाकीट तिच्या हातात दिलं. ती चौथी शिकलीय, शब्दाखाली बोट धरून वाचते. मी आलो तर दवाखान्याची पिशवी उपसलेली, लुगडी परत दांडीवर. मला म्हणाली, "बगा, तिनं नाव घालून लिवलंय. परत चालू व्हत न्हाई. मी न्हाई जायची."

उद्याची तारीख गेली. डॉक्टरांनी सात मार्च दिलीय, आणि सत्यमला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यापुढे ढकलू नका. सत्यम समजावून थकला, सून सविता रडून थकली. मी तुला फोन करणार होतो. ती म्हणते, "फोनवरचं वाऱ्यावर जातं. कागदावर लिवलंय, त्ये कागदावरच पुसलं पायजे."

पोस्टाचे चार दिवस परवडणार नाहीत, म्हणून हे सत्यमच्या हाती पाठवतोय. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. घाबरलो आहे.

महिपती

*

तुंगार्ली
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

मुक्तावहिनी,

जय भीम. हे पत्र पोस्टानं येत नाही. निलेश मोटरसायकलवर घेऊन येतोय आणि तुमच्या हातात देऊन चहा घेतल्याशिवाय निघणार नाही. मीच येणार होते, पण मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. अकरा वर्षं तुमच्या हातचं खाल्लं आणि तुमचं नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर ही वेळ आली नसती.

तुम्ही म्हणालात, कागदावरचं कागदावर पुसलं पाहिजे. बरोबर आहे. तर सोबत माझं एकोणिसावं पाठवतेय, मूळ प्रत, तुमच्याकडे आधी आलेली नक्कल सोडली तर दुसरी नाही. त्यावर लाल शिक्का दिसेल. कारखान्यात मी नापास मालावर मारायचे तोच, नोकरी सोडताना आठवण म्हणून मागून घेतला होता. नऊ पानं, नऊ शिक्के. माझ्या टेबलावरून नापास झालेला तुकडा आजवर कुणी पास करून नेला नाही, भाऊंना विचारा. चुलीत घाला दोन्ही.

आता खरं एकोणिसावं, नीट वाचा, बोट धरून वाचा:

मुक्ताचं काळीज तासाच्या आत चालू झालं. पहिल्या झटक्यात. आणि मालन गेटवर हजर होती, हजर आहे.

हे मी लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. अठरावंही रद्द, भाऊंना ते फाडायला सांगा.

वहिनी, मी भूतबीत मानत नाही. पुस्तकात लिहिल्यानं कुणी मरत नाही आणि कुणी जगतही नाही, हे मी तुमच्याशी कितीही वेळ भांडून सांगितलं असतं. पण तुम्हाला भीती वाटतेय, आणि ती मी घातली, तेव्हा आज भांडत नाही. आज मी एवढंच करू शकते, की जे खरंच उपयोगी पडतं ते द्यावं. माझा गट बी पॉझिटिव्ह आहे. दोन बाटल्यांतली एक माझी. सात तारखेला सकाळी मी दवाखान्यात येते. तुम्ही आला नाहीत, तर मी बाटली घेऊन कुठं जाऊ?

तुमची,
अनिता

ता.क. गौरवला सांगितलं, पुस्तक एकतीस मार्चला मिळणार नाही. का म्हणाला. मी म्हटलं, गेटवर काम चालू आहे.

*

पुणे, दवाखाना, तिसरा मजला, बाकडं
७ मार्च २०२५, शुक्रवार

अनिता, सत्यमनं तुला फोन केलाच असेल. तरी नोंद ही नोंदीच्या जागी हवी, म्हणून इथल्या इथं लिहून ठेवली.

८.३५ मंगळसूत्र काढून माझ्याकडे दिलं. म्हणाली, हरवू नका, तुमी कागद हरवता.
८.५० तू आलीस. दोघी बोललात. काय ते मला सांगितलं नाही.
९.०५ आत नेली. जाताना स्ट्रेचरवरून मान वळवून सांगितलं, "त्या दारातल्या चपला बगा कशा पडल्यात."
९.१० दारातल्या चपला सरळ केल्या. एकंदर अकरा जोड. तोंड बाहेर.
९.४० तू रक्त देऊन आलीस. बिस्किटं खाल्लीस, मलाही खायला लावलीस.
१०.३० तू गेलीस, बंगल्यावर पाहुणे. गेली नसतीस तर बरं झालं असतं, पण म्हटलं नाही.
११.०० काही नाही.
११.३० काही नाही. एक जण चपला वाकड्या सोडून गेला. सरळ केल्या.
१२.०० काही नाही. वॉचमन विचारायला लागला, बाबा, तुम्ही इथं कामाला आहात का? होय म्हटलं.
१२.५० सत्यमनं चहा आणला. घेतला नाही.
१.२० साहेब बाहेर आले. तोंडावरचा मास्क काढला. म्हणाले, काळीज चालू झालं, पहिल्या झटक्यात.
१.२१ तू सांगितलं होतंस का त्यांना?
१.२५ रडलो. नोंद घ्यावी.
१.४० चहा मागवला.

महिपती

*

बेडसे
९ एप्रिल २०२५

अनिताबाई,

मुक्ताबाईचा आशीर्वाद. ह्ये मी माज्या हातानं लिवतीय, हसायचं न्हाई. दोन दिस लागलं लिवायला. ह्ये म्हनले, तू सांग, मी लिवतो. म्या म्हनलं, तुमी कागद भलताच घालता, ऱ्हाऊ द्या.

तब्बेत बरी हाय. छातीत घड्याळावानी टिकटिक वाजतं. नातू कान लावून बसतो. घरी आल्या आल्या दारातल्या चपला बगितल्या, समद्या वाकड्या. सविता वरडली, आई, वाकायचं न्हाई. म्या पायानंच केल्या सरळ.

आता कामाचं. तुजं अठरावं यांनी फाडलंच न्हाई. गव्हाच्या डब्यात लपवलं व्हतं. ज्या मानसानं कवा गहू निवडला न्हाई त्येनं गव्हाच्या डब्यात लपवावं, म्हंजे बग. मला गावलं. चार दिस बोट धरून वाचलं. लय ग्वाड लिवलंयस. मालन कंदील ठेवून चालाय लागती, मागं बगत न्हाई, तितं मी रडले. सविताला वाटलं टाका उसवला.

पन त्ये चुकीचं हाय. नाका पाडला म्हनून बाईमानूस आसं काम टाकून जात न्हाई. रिलीव्हर लागतोच. ह्ये यांचं बराबर हाय, त्येंना सांगू नको.

आता ध्यान देऊन ऐक. माजं काळीज तासभर बंद व्हतं. तवा मी कुटं व्हते? आत बी न्हाई, भाईर बी न्हाई. मला काय दिसलं न्हाई, खोटं कशाला सांगू, भूल दिलती. पर जागी झाले तवा मनात पयलं त्येच आलं, की तुज्या चिठ्ठीपरमानं मालन गेटवर हजर व्हती. आन तिनं माज्या चपला आत तोंड करून लावल्या न्हाईत. भाईर लावल्या. जा म्हनली आसंल, हितं काय काम हाय तुजं.

तू म्हनशील, वैनी, त्ये डाक्टरनं केलं. व्हय, डाक्टरनं केलं. तुज्या रक्तानं बी केलं. पर मालन बी व्हती, आता भांडू नको.

येवढी मोठी डुटी केली तिनं. आता तिला धरून ठिवायची म्हंजे पाप लागंल. मी सोताच्या भ्यानं तिला बसवून ठिवली व्हती. आता मला भ्या न्हाई वाटत. सुटू दे तिला. तुजं अठरावं पास.

फकस्त येक बदल कर. कंदील जिमिनीवर ठिवायचा न्हाई. हातात द्यायचा.

ठेचा पाठवलाय, निलेशच्या हाती. डबा परत कर, आन रिकामा करू नको.

आत: कुनी न्हाई. त्यो भिमाजी आसंल तर आसू दे.
भाईर: ह्ये, सत्यम, सविता, नातू, तू, निलेश, गेणू, चंपा. आन मालन.
गेटवर: मुक्ताबाई.

मालनकडनं चार्ज घेतला. येळ सकाळचे आठ. सर्व ठीक.

सही
मुक्ताबाई